धागा : रोजच्या जगण्यातली बौद्ध साधना दाखवणारे माहितीपट – तुम्ही कोणते पाहिलेत?

पाऊलवाट (मूळ लेखन)

गेले तीन महिने रात्री सगळं आवरलं की मी बौद्ध साधनेवरचे माहितीपट पाहते आहे. माझं काम फोनवर लोकांच्या तक्रारी घेण्याचं. दिवसाला साठ-सत्तर फोन येतात आणि पलीकडचा माणूस आधीच चिडलेला असतो. घरी आले तरी ते आवाज कानातून जात नाहीत. गेल्या वर्षी मुलगा म्हणाला, "आई, तू आमच्याशी पण फोनवर बोलल्यासारखी बोलतेस." ते मनाला फार लागलं.

त्याच सुमारास 'वॉक विथ मी' पाहिली. २०१७ची फिल्म आहे, मार्क फ्रान्सिस आणि मॅक्स प्यू यांची. व्हिएतनामी भिक्षू थिक न्हात हान्ह यांनी १९८२ मध्ये फ्रान्समध्ये प्लम व्हिलेज सुरू केलं, तिथल्या भिक्षू-भिक्षुणींसोबत हे दोघं तीन वर्षं चित्रीकरण करत होते. तिथे दर पंधरा मिनिटांनी घड्याळ वाजतं आणि जो जिथे असेल तिथे थांबतो. हातात झाडू असो, पायात अर्धी चप्पल असो. थांबायचं, श्वासाकडे यायचं, मग पुढचं काम. एक लहान मुलगी विचारते, माझा कुत्रा मेला, मला फार वाईट वाटतं, काय करू? ते तिला ढगाची गोष्ट सांगतात. आवडता ढग आभाळातून नाहीसा झाला म्हणून रडू येतं, पण नीट पाहिलंस तर तो कपातल्या चहात आहे. त्या मुलीचा चेहरा मला अजून दिसतो.

याच परंपरेत फोनची घंटा हीसुद्धा थांबण्याची घंटा मानतात. वाजली की तीन श्वास घ्यायचे, मग उचलायचा. आमच्याकडे तिसऱ्या घंटेच्या आत उचलावाच लागतो, म्हणून मला एकच श्वास मिळतो. तो मी घेते. तीन महिने झाले, दिवसाला साठ-सत्तर श्वास.

त्यानंतर हाताला लागलं ते सगळं पाहत सुटले आणि आता अडकले आहे. बहुतेक फिल्ममध्ये धुकं असतं, डोंगर असतो, बासरी असते आणि मंद हसणारे वृद्ध भिक्षू असतात. पाहताना खरंच बरं वाटतं, पण सकाळच्या पहिल्या फोनला ते ओसरून जातं. साधना करणाऱ्या माणसाचा राग, त्याचं घर, त्याचं काम दाखवणारं काही तुम्ही पाहिलं आहे का? नुसती नावं नकोत. काय पाहिलं आणि त्यातलं काय उरलं, ते लिहा.

---

मृद्गंध

पाऊलवाट, एका श्वासाबद्दल लिहिलंत ते वाचून फार आनंद झाला. मी विपश्यनेची जुनी साधक, बावीस वर्षं झाली. माझ्यासाठी सुरुवातही एका फिल्मनेच झाली : 'डूइंग टाइम, डूइंग विपश्यना'. १९९७ची, जेमतेम ५२ मिनिटांची, एलोना एरियल आणि आयलेत मेनाहेमी या दोघी इस्रायली दिग्दर्शिकांची.

तिहार तुरुंगात तेव्हा दहा हजारांच्या आसपास कैदी होते आणि त्यातले बहुतेक खटल्याची वाट पाहणारे कच्चे कैदी. १९९३ मध्ये किरण बेदी तिथे महानिरीक्षक म्हणून आल्या. त्याच वर्षी पहिलं शिबिर झालं आणि एप्रिल १९९४ मध्ये हजाराहून जास्त कैदी एकाच शिबिरात बसले. विपश्यनेचे आचार्य गोयंका गुरुजी स्वतः शिकवायला होते. पण तुरुंगातल्या शिबिरांची सुरुवात त्याआधी अठरा वर्षांची. १९७५ साली राजस्थानचे गृहसचिव राम सिंह यांनी जयपूरच्या मध्यवर्ती कारागृहात शिबिर ठरवलं, तेव्हा काही कैद्यांना बेड्या घालूनच बसवायचं ठरत होतं. बेड्या घातलेल्या माणसाला मी धम्म शिकवणार नाही, असं गुरुजींनी सांगितलं आणि बेड्या निघाल्या.

ज्यांनी शिबिर केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. दहा दिवस आर्य मौन, पहाटे चारला घंटा, दिवसाला दहा तासांच्या आसपास बसणं. पहिले तीन दिवस आनापान, म्हणजे श्वास जसा आहे तसा फक्त पाहायचा. चौथ्या दिवशी विपश्यना देतात, म्हणजे शरीरावरच्या संवेदना नुसत्या पाहायला शिकवतात, आणि तिथून अधिष्ठान सुरू होतं : तासभर हात, पाय, डोळे न हलवता बसायचं. दहाव्या दिवशी मंगल मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतणं, मग मौन सुटतं. फिल्ममध्ये शिबिर संपल्यावर कैदी हमसून हमसून रडतात, तुरुंगाच्या अधिकाऱ्यांच्या गळ्यात पडतात.

मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्या रडण्यालाच शांती समजले. माझं पहिलं शिबिर झालं तेव्हा मीही अशीच रडले आणि मनाशी म्हटलं, झालं, मिळालं. चौथ्या दिवशी घरी जावेशी जोरदार भांडण झालं. त्या दिवसापासून मला त्या फिल्ममध्ये एक प्रश्न दिसायला लागला : दुसऱ्या दिवशी सकाळी, त्याच बराकीत, त्याच माणसांच्या गर्दीत काय झालं असेल?

त्याचं उत्तर 'द धम्म ब्रदर्स'मध्ये थोडंफार सापडतं. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातला डोनाल्डसन हा कडक बंदोबस्ताचा तुरुंग, २००२ मध्ये तिथल्या व्यायामशाळेत शिबिर झालं. बसणाऱ्यांत खुनासाठी जन्मठेप भोगणारे होते, कधीच न सुटणारे. दिग्दर्शिका जेनी फिलिप्स यांनी पुढे काय झालं तेही दाखवलं. तुरुंगातल्या धर्मगुरूंच्या काळजीमुळे कार्यक्रम बंद पडला, एकत्र बसायला बंदी आली, आणि काही वर्षांनी पुन्हा परवानगी मिळाली. मधल्या काळात ती माणसं आपापल्या कोठडीत, खाटेवर, एकटी बसत राहिली. गुरू नाही, सभागृह नाही, बाहेर गोंगाट. मला वाटतं तुम्ही जे मागता आहात ते हेच असावं.

---

झुळूक

+१. वाचनखूण साठवली. मी सव्वीस वर्षांची आहे आणि ध्यान कधीच केलेलं नाही, पण ही चर्चा वाचायला फार आवडते आहे. सगळ्यांनी सविस्तर लिहा ना.

---

काजवा

मी संकलक आहे, अठरा वर्षं माहितीपटच कापतो. धाग्यात जी धुकं-डोंगर-बासरीची तक्रार आहे ती तयार करणाऱ्यांपैकी मी एक, म्हणून टेबलाच्या या बाजूने सांगतो.

काही वर्षांपूर्वी ध्यानशिबिरावरच्या एका फिल्मचं काम आलं. कच्चं फूटेज नव्वद तासांचं. ध्यानकक्षाचा ध्वनी पहिल्यांदा ऐकला आणि मी थक्क झालो. दीडशे माणसं गप्प बसलेली, आणि सतत खोकला! एकाने खोकलं की समोरच्या कोपऱ्यातून दुसरा, मग तिसरा. पोटातले आवाज, गुडघे मोडल्याचा कटकन आवाज, कोणाचं तरी हुंदका गिळणं. निर्मात्यांनी सांगितलं, हे सगळं काढा, प्रेक्षकाला शांत वाटलं पाहिजे. चार दिवस बसून मी दोनशेच्या वर खोकले पुसले. त्या जागी रिकाम्या खोलीचा ध्वनी भरला, त्यावर धातूच्या वाटीचा लांबत जाणारा नाद चढवला. चेहऱ्यांचे शॉट निवडतानाही तेच : ज्या चेहऱ्यावर वैताग किंवा पेंग दिसते तो बाद. स्लो मोशनमध्ये माणसाचा चेहरा आपोआप शांत वाटतो, हे आम्हा सगळ्यांना माहीत असतं. चालणाऱ्या भिक्षूचा वेग पाऊणपट केला की त्याला काहीच न करता ध्यान लागलेलं दिसतं.

फिल्म लोकांना आवडली. पण मला ती पुन्हा पाहवत नाही. त्या दीडशे माणसांचे कष्ट मी पुसले असं वाटतं. खोकला येत असताना, पाठ मोडत असताना बसून राहणं हीच तर त्यांची साधना होती.

याच्या उलट टोकाची फिल्म म्हणजे फिलिप ग्रोनिंग यांची 'इनटू ग्रेट सायलेन्स' (२००५). ती बौद्ध नाही, फ्रान्सच्या आल्प्समधल्या ख्रिस्ती कार्थुशियन मठावरची आहे, तरीही इथे सांगतो. त्यांनी १९८४ मध्ये परवानगी मागितली आणि मठाने होकार दिला सोळा वर्षांनी. मग ते एकटेच कॅमेरा घेऊन मठात महिनोन्‌महिने राहिले. कृत्रिम प्रकाश नाही, निवेदन नाही, वरून घातलेलं संगीत नाही, पावणेतीन तासांच्या आसपास. पहिला अर्धा तास मी अस्वस्थ होतो, चाळीसाव्या मिनिटाला लाकूड कापल्याचा आवाज ऐकून मला जाणवलं की आता मी ऐकतो आहे. फिल्मने शांती दाखवली असं नाही म्हणता येणार. मला तिथे थांबायला लावलं, एवढं मात्र खरं.

रॉन फ्रिकी यांची 'संसारा' (२०११) बऱ्याच जणांनी पाहिली असेल. लडाखमधल्या थिकसे मठात भिक्षू रंगीत वाळूचं मंडल रचतात आणि शेवटी ते हातांनी पुसून टाकतात. ७० एमएम फिल्मवर टिपलेलं ते दृश्य अप्रतिम आहे. पण पाऊलवाट, तुमच्या पहिल्या फोनपर्यंत ते टिकणार नाही, असं मला वाटतं.

---

पाऊलवाट

काजवा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. दोनशे खोकले. आता कोणतीही ध्यानावरची फिल्म पाहताना मी खोकला शोधणार.

---

पैलतीर

विषय जिव्हाळ्याचा आहे म्हणून थोडा विरोधाचा सूर लावतो, राग मानू नये.

धाग्याच्या शीर्षकात 'बौद्ध साधना' आहे आणि सगळी चर्चा आतल्या शांतीची चालली आहे. आमच्या घरात बुद्ध आला तो १४ ऑक्टोबर १९५६ला, नागपूरच्या धम्मदीक्षेत. आजोबा त्या गर्दीत होते. त्यांनी कधी डोळे मिटून ध्यान केलेलं मी पाहिलं नाही, पण त्यांच्याइतका निर्भय माणूसही पाहिला नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच विचारलं आहे की एकोणतीस वर्षांच्या तरुणाने तोवर म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहिलंच नव्हतं, यावर विश्वास कसा ठेवायचा? त्यांच्या मांडणीत सिद्धार्थ घर सोडतो ते रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात युद्धाची वेळ येते तेव्हा, युद्धाला विरोध केला म्हणून. बुद्धावरच्या बहुतेक माहितीपटांत मात्र तीच चार दृश्यं आणि तोच एकटा, दुःखी राजपुत्र. सुरुवातच खाजगी दुःखापासून केली की शेवटही खाजगी शांतीपाशीच होणार.

म्हणून माझ्याकडून आनंद पटवर्धन यांची 'जय भीम कॉम्रेड' (२०११). ही ध्यानावरची फिल्म नाही. ११ जुलै १९९७ रोजी मुंबईत रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जणांचा जीव गेला. काही दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. तिथून पुढे चौदा वर्षं हा कॅमेरा गाण्यांच्या आणि माणसांच्या मागे फिरत राहिला. चौदा वर्षं एखाद्या वेदनेकडे पाठ न फिरवणं, ही मला साधना वाटते. मैत्री आणि करुणा या शब्दांना त्या वस्तीत काय अर्थ आहे, हे फिल्म पाहिल्यावर कळतं.

तक्रार ऐकणाऱ्या माणसाने शांत राहावं हे चांगलंच. पण काही तक्रारी खऱ्या असतात, त्यांचं काय करायचं?

---

पाऊलवाट

पैलतीर, राग कसला! शेवटच्या वाक्याने मला रात्रभर जागं ठेवलं. एक श्वास घेतल्यामुळे मी कमी चिडते, पण तक्रार पुढे पाठवताना पूर्वीइतकीच निष्काळजी तर नाही ना? आज मुद्दाम जुन्या नोंदी उघडून पाहिल्या. तीन तक्रारी मी 'माहिती दिली' म्हणून बंद केल्या होत्या आणि त्या बंद करायला नको होत्या. तिन्ही पुन्हा उघडल्या.

थिक न्हात हान्ह यांच्याबद्दल एवढं सांगावंसं वाटतं की ते युद्धातून आलेले आहेत. व्हिएतनाममध्ये बॉम्ब पडत असताना त्यांनी तरुणांची समाजसेवेची शाळा काढली, उद्ध्वस्त गावं पुन्हा उभी करायला. 'समाजात उतरलेला बौद्ध धम्म' ही त्यांची कल्पना तिथली. शांततेसाठी बोलायला १९६६ मध्ये देशाबाहेर गेले आणि परत पाय ठेवता आला तो थेट २००५ साली. २०२२ मध्ये, पंचाण्णवाव्या वर्षी, जिथे जन्मले त्या ह्युए शहरात त्यांचं निधन झालं. यातलं फार थोडं 'वॉक विथ मी'मध्ये येतं आणि तेवढी ती फिल्म अपुरी आहे, हे मान्य करते. फिल्मने मला त्यांच्या थांबण्याचं कौतुक शिकवलं, पण ते कशाच्या मधोमध थांबायला शिकले हे सांगितलं नाही.

---

अनाहत

मला हे लिहायचं नव्हतं, पण मृद्गंध यांचा प्रतिसाद वाचून लिहितो आहे.

माझा धाकटा भाऊ असाच एक माहितीपट पाहून भारावला आणि एका केंद्रात दहा दिवसांसाठी गेला. सातव्या दिवसापासून त्याची झोप उडाली. तिथे त्याला सांगितलं गेलं, जुने संखार, म्हणजे मनात साठलेले संस्कार, वर येत आहेत, बसत राहा. घरी आला तो तीन आठवडे झोपला नाही, घाबरून भिंतीला पाठ लावून बसायचा. शेवटी डॉक्टरांच्या औषधाने आणि बऱ्याच महिन्यांनी सावरला. आता ठीक आहे. ध्यान करत नाही, रोज तासभर चालायला जातो.

माझा रोष साधनेवर नाही. पण मी यातल्या चार-पाच फिल्म पाहिल्या आणि एकीतही असा माणूस भेटला नाही. प्रत्येकजण शेवटी उजळलेला. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी 'प्लॉस वन' या नियतकालिकात पाश्चात्त्य देशांतल्या बौद्ध साधकांच्या आणि शिक्षकांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास छापला. भीती, निद्रानाश, स्वतःपासून तुटल्यासारखं वाटणं, सगळं त्यात नोंदलेलं आहे. म्हणजे माझा भाऊ एकटा नव्हता. हे आम्हाला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर आईची ती वाट लागली नसती. काजवा, खोकले पुसले जातात तशी ही माणसंही पुसली जातात का?

---

काजवा

हो. पुसली जातात. शिबिर अर्धवट सोडून गेलेल्याची मुलाखत सहसा घेतलीच जात नाही, कारण चित्रीकरणाची परवानगी ज्यांनी दिलेली असते त्यांच्याकडूनच माणसं सुचवली जातात. माझ्या त्या फिल्ममध्ये दोघेजण मधेच निघून गेले होते. एकाचा पाठमोरा शॉट होता, खांद्यावर पिशवी, फाटकाकडे चालत जाणारा. सुंदर शॉट होता. मी तो ठेवण्यासाठी एकदाच म्हणून पाहिलं, मग काढला. तुमच्या भावाबद्दल वाचून तो शॉट डोळ्यांसमोर आला.

---

मृद्गंध

अनाहत, तुमचं लिहिणं वाचून दोन दिवस काही सुचलं नाही. मी धम्मसेविका म्हणून अनेक शिबिरांत सेवा दिली आहे. "संखार वर येत आहेत, बसत राहा" हे वाक्य मी स्वतः लोकांना सांगितलं आहे. प्रवेशाच्या अर्जात मानसिक आजाराबद्दल विचारतात, पण अर्जावर जे लिहिलेलं नसतं ते समोरच्या डोळ्यांत वाचायला आम्हाला यायला हवं होतं. एका बाईंचा चेहरा मला आठवतो आहे. त्या थांबल्या, पूर्ण केलं, आणि मी त्याला यश मानलं. त्यांचं पुढे काय झालं मला माहीत नाही.

पाली ग्रंथांमध्ये सोण नावाच्या भिक्षूची गोष्ट आहे. चालण्याचं ध्यान करता करता त्याचे पाय रक्तबंबाळ झाले आणि हे सोडून घरी परतावं असं त्याला वाटू लागलं. तो पूर्वी वीणा वाजवायचा. बुद्धांनी त्याला विचारलं, तारा फार ताणल्या तर वीणा वाजायची का? फार सैल सोडल्या तर? मग श्रमही तसेच बेताचे ठेव. पाहा, बुद्ध त्याला 'बसत राहा' म्हणाले नाहीत. मला ही गोष्ट पाठ आहे आणि तरी मी ते वाक्य बोलले. तुमचा भाऊ रोज चालतो, ते वाचून मन निवलं.

---

अनाहत

धन्यवाद, ताई. भावाला हा धागा वाचायला दिला. सोणची गोष्ट त्याने दोनदा वाचली.

---

रानपाखरू

इतक्या जड गोष्टी चालू असताना स्वयंपाकघरातली फिल्म सुचवायला संकोच वाटतो आहे, पण मूळ प्रश्नाचं माझं उत्तर तेच आहे. 'हाऊ टू कुक युअर लाइफ', २००७, जर्मन दिग्दर्शिका डोरिस ड्योरी यांची.

एडवर्ड एस्प ब्राउन हे झेन या जपानी बौद्ध परंपरेतले शिक्षक. कॅलिफोर्नियातल्या तस्साहारा या डोंगरातल्या झेन मठात विशीतच मुख्य आचारी झाले. त्यांचे गुरू शुन्रयू सुझुकी. त्यांना विचारलं, स्वयंपाकघरात साधना कशी करू? तर गुरू म्हणाले, तांदूळ धुताना तांदूळ धू, गाजर चिरताना गाजर चीर. पण फिल्म मला भावली ती वेगळ्याच कारणाने. हे शिक्षक चिडतात! कॅमेऱ्यासमोर, एका घट्ट वेष्टनाशी झटताना त्यांचा पारा चढतो आणि दिग्दर्शिका ते कापत नाही. त्यांना आपल्या रागाबद्दल वर्षानुवर्षं लोकांनी बोल लावलेले आहेत आणि ते स्वतःच ते सांगतात. पुढे मठातल्या जुन्या, पोचे पडलेल्या किटल्यांबद्दल बोलताना त्यांचा गळा दाटून येतो. इतक्या आदळल्या, आपटल्या, तरी आपलं काम करत आहेत, मग मलाही जमेल.

मी आईला सांभाळते. तिला आता माझं नाव आठवत नाही. एकच प्रश्न ती तासाभरात वीस वेळा विचारते आणि अठराव्या वेळेला माझा आवाज चढतो. नंतर भांडी घासताना मी रडते. त्या किटल्यांचा प्रसंग पाहिला त्या रात्री मी आमचं जुनं पातेलं हातात घेऊन कितीतरी वेळ उभी होते. मला कोणी शांत चेहरा दाखवला असता तर मी अजून अपराधी झाले असते. चिडणारा आणि पुन्हा विळीकडे परतणारा म्हातारा पाहिला, आणि मला आईकडे परत जाता आलं.

फिल्ममध्ये तेराव्या शतकातले जपानी आचार्य दोगेन यांचे उतारे येतात. १२३७ मध्ये त्यांनी मठाच्या आचाऱ्यासाठी एक आख्खं प्रकरण लिहिलं. त्यात ते स्वतःच्या तरुणपणाची आठवण सांगतात. चीनमधल्या मठात भर दुपारी एक वृद्ध आचारी, भुवया पांढऱ्या, पाठ वाकलेली, डोक्यावर टोपीही नाही, तापलेल्या फरशीवर वाळवण घालत होता. दोगेन म्हणाले, हे काम दुसऱ्या कोणाला का सांगत नाही? तो म्हणाला, दुसरे म्हणजे मी नव्हे. मग ऊन उतरल्यावर तरी करा. तो म्हणाला, मग कधीची वाट पाहू?

---

मृद्गंध

रानपाखरू, संकोच कसला. सतिपट्ठान सुत्तात 'सम्पजञ्ञ' म्हणून भाग आहे. जाताना, येताना, हात आखडताना आणि पसरताना, खाताना, पिताना, मलमूत्र विसर्जन करताना, बोलताना आणि गप्प राहताना, सगळ्यात जाणीव ठेवायला सांगितलं आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या उपदेशात शौचाचा उल्लेख आहे आणि आजच्या फिल्ममध्ये खोकलाही चालत नाही! आईचा विसावा प्रश्नही त्यातच बसतो. अठराव्यालाही तुम्ही जाग्या होतात, म्हणून तर तुम्हाला आकडा आठवतो.

अजून एक. गोयंका गुरुजींचे गुरू सयाजी ऊ बा खिन हे ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते. सरकारी नोकरी करता करता त्यांनी आपल्या कचेरीतल्या माणसांना ध्यान शिकवलं. त्या कचेरीवर कोणी फिल्म केली असती तर मी शंभरदा पाहिली असती : फायलींचे गठ्ठे, शिक्के, आणि मधेच अर्धा तास डोळे मिटून बसलेले कारकून.

---

झुळूक

पहिल्यांदाच काही सुचवते आहे. 'एजंट ऑफ हॅपिनेस', २०२४, अरुण भट्टराई आणि दोरोत्या झुर्बो यांची, भूतानवरची. तिथे सरकार लोकांच्या समाधानाची मोजणी करतं : नऊ क्षेत्रं, तेहतीस निर्देशांक. अंबर गुरुंग नावाचा कर्मचारी डोंगराळ वाटांवरून घरोघरी फिरून लोकांना विचारतो, तुम्ही किती आनंदी आहात? स्वतः मात्र नेपाळीभाषक असल्यामुळे नागरिकत्वापासून वंचित आहे, म्हाताऱ्या आईसोबत राहतो, लग्न जमावं म्हणून धडपडतो. पैलतीर काका जे म्हणत होते ते मला ही फिल्म पाहिल्यावर समजलं. आतलं समाधान आणि हातातला कागद दोन्ही एकाच माणसाच्या आयुष्यात असतात.

---

पैलतीर

झुळूक, नक्की पाहतो. आणि पाऊलवाट, त्या तीन तक्रारी पुन्हा उघडल्यात हे आजोबांना सांगायला ते हवे होते.

---

काजवा

मूळ प्रश्नाला माझं सर्वांत जवळचं उत्तर राहूनच गेलं : 'झेन फॉर नथिंग', २०१६, दिग्दर्शक वेर्नर पेन्झेल. स्विस अभिनेत्री सबीने टिमोटेओ शरद ऋतूत जपानमधल्या अंताईजी मठात येते, हिवाळाभर राहून वसंत पाहते. हा मठ आपलं अन्न स्वतः पिकवतो. त्या वेळी मठाधिपती होते मुहो, जन्माने जर्मन. कोणी निवेदन करत नाही, कोणी बुद्धाचं चरित्र सांगत नाही. ती जेवणाच्या वाट्या कशा उलगडायच्या ते शिकते, चुकते, पुन्हा शिकते. लाकडं फोडतात, शेतात राबतात, हसतात, बसून राहतात. पहिल्या दिवसांत तिला काय चाललंय ते कळत नाही, आणि कॅमेरा तिच्या गोंधळाला वेळ देतो. संकलक म्हणून सांगतो, हे सगळ्यांत अवघड असतं. काहीच घडत नाही असं वाटणाऱ्या शॉटवर कात्री चालवायला हात शिवशिवतो.

दुसरं, काल रात्री मी जुनी हार्डडिस्क शोधून काढली. त्या ध्यानकक्षाचा मूळ ध्वनी अजून माझ्याकडे आहे. हेडफोन लावून चाळीस मिनिटं सलग ऐकला. डावीकडून एक कोरडा खोकला दर दोन-तीन मिनिटांनी येतो, बहुधा वयस्कर माणूस असावा. तो दाबायचा प्रयत्न करतो, जमत नाही. तेविसाव्या मिनिटाला तो थांबतो आणि त्याबरोबर सगळा कक्ष थांबतो. मग पावसाचा आवाज ऐकू येतो. पाऊस आधीपासून पडत असणार. मी तेव्हा तोही पुसला होता.

---

पाऊलवाट

काजवा, तेवढा तुकडा कधी कोणाला ऐकवता आला तर आम्हाला आधी सांगा.

आजचं लिहिते. दुपारी एका गृहस्थांचा फोन आला. मी श्वास घेऊन उचलला, ते पहिल्या शब्दापासून ओरडत होते. अकरा मिनिटं. त्यांची तक्रार खरी होती, दोन महिने कोणी दखल घेतली नव्हती. मधेच त्यांना जोराचा ठसका लागला. एरवी अशा वेळी मी घाईने माझं वाक्य घुसवते. आज मला तुमचा तो डावीकडचा माणूस आठवला. मी म्हटलं, "पाणी घ्या, मी थांबते." पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला, मग बराच वेळ नुसता त्यांचा श्वास. परत बोलले तेव्हाही रागातच होते. मी तक्रार नोंदवली आणि या वेळी बंद होईपर्यंत माझ्याच नावावर ठेवली.

शनिवारी रात्री साडेनऊला मी 'झेन फॉर नथिंग' लावते आहे. मुलगाही बसतो म्हणाला. ज्यांना जमेल त्यांनी त्याच वेळी आपापल्या घरी लावा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. रविवारी इथेच बोलू. रानपाखरू, आई झोपली नाही तर तिलाही सोबत बसवा.

---

रानपाखरू

बसवते. ती मधेमधे विचारेल, हे कोण आहेत? मी सांगत राहीन.